चंद्र एक, डोळे दोन

लांबलचक संख्या पाठ करण्याची एक जुनी युक्ती आहे. आकडा हा मोठा गुळगुळीत पदार्थ. मनाच्या मुठीत तो ठरत नाही. म्हणून प्रत्येक आकड्याला एखादी वस्तू, एखादा प्राणी, एखादे माणूस नेमून द्यायचे आणि त्या सर्वांना एका गोष्टीत गुंतवायचे. गोष्ट जितकी चमत्कारिक, तितकी ती मनात पक्की बसते. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली असे मांडले की, एका वेळी सात, फार तर त्यात दोन कमी किंवा दोन अधिक, इतक्याच सुट्या गोष्टी माणूस ध्यानात धरू शकतो. आणि २०१५ साली राजस्थानच्या राजवीर मीणा या तरुणाने डोळ्यांवर पट्टी बांधून ‘पाय’चे ७०,००० अंक म्हणून दाखवले! एवढा पल्ला मारणारे लोक बहुधा आकडे नुसते आकडे म्हणून घोकत बसत नाहीत. ते आकड्यांची चित्रे करतात आणि चित्रांच्या गोष्टी करतात.

वाचकांनी घरातल्या मुलांबरोबर हा प्रयोग अवश्य करून पाहावा. आमच्या वाशिमचा पिन कोड घ्या : ४४४५०५. चार म्हणजे समुद्र, पाच म्हणजे बाण आणि शून्य म्हणजे आकाश, एवढे आधी ठरवून टाका. आता गोष्ट ऐका. एक राजपुत्र एकामागून एक तीन समुद्र ओलांडून आला. त्याने बाण सोडला, तो आकाशात गेला आणि आकाशातून बाणच परत आला. समुद्र, समुद्र, समुद्र, बाण, आकाश, बाण. झाला पिन कोड पाठ! फराळाच्या ताटावर ऐकलेली ही संख्या पोरे पुढच्या दिवाळीपर्यंत विसरायची नाहीत.

चार म्हणजे समुद्र हे मात्र माझे डोके नव्हे. आपल्याकडे शेकडो वर्षे ज्योतिषी आणि गणिती याच रीतीने संख्या सांगत आले. तिला भूतसंख्या म्हणतात. चंद्र एक, डोळे दोन, अग्नी तीन, वेद चार, मदनाचे बाण पाच, ऋतू सहा, ऋषी सात, वसू आठ, नंद नऊ. सूर्य बारा आणि नक्षत्रे सत्तावीस. अंकांची चाल उजवीकडून डावीकडे, म्हणजे एकक आधी. भास्कराचार्यांनी आपला जन्मशक सांगितला तो असाच : रस, गुण, पूर्ण आणि मही. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य आणि मही म्हणजे पृथ्वी एक. उलट मांडले की झाले शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. ‘लीलावती’त वर्तुळाचा परीघ काढायला ३९२७ हा गुणक दिला आहे, तोही नक्षत्रे, नंद आणि अग्नी यांच्या वेषात. वृत्तात शब्द बसवायचे हा त्यातला मुख्य हेतू, हे खरे. पण सूक्ष्म गणितासाठी लागणाऱ्या रूक्ष आकड्यांतून असे चंद्र-सूर्य फिरू लागले, की ते विसरणेच कठीण.

याच भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ या ग्रंथात पृथ्वीची मध्यरेषा ज्या ठिकाणांवरून जाते त्यांची नावे ओवली आहेत. उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांच्या मालिकेत तेथे वत्सगुल्म आहे. वत्सगुल्म म्हणजे वाशिम. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. गावात मध्यमेश्वराचे देऊळ आहे आणि लोक त्याची सांगड त्या रेषेशी घालतात. आजच्या मोजणीने वाशिम उज्जैनच्या सव्वा अंशाहून थोडे अधिक पूर्वेला पडते. पण आकाशाच्या एवढ्या मोठ्या हिशेबात आपल्या गावाचा मणी ओवलेला पाहून कोणत्या वाशिमकराला बरे वाटणार नाही?

येथवर सगळे गोड आहे. पुढे मात्र मला एक प्रश्न अडवतो, आणि तो युक्तीचा नाही, नीतीचा आहे.

गावोगावच्या अभ्यासिकांतून हल्ली स्पर्धा परीक्षांची मुले दिवसदिवस बसलेली असतात. त्यांना असंख्य सनावळ्या पाठ कराव्या लागतात. त्यांतली एक तारीख किल्लारीच्या भूकंपाची : ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आता समजा, एखाद्या हुशार मुलाने ही तारीख, ही वेळ आणि मृतांचा आकडा आपल्या चित्रांत गुंफला. युक्तीचा नियमच असा की, चित्र विचित्र हवे, शक्य तर हसू आणणारे हवे. म्हणून त्याने तीन माकडे घेतली, नऊ विदूषक घेतले आणि त्यांचा एक तमाशा उभा केला. परीक्षेत गुण पैकीच्या पैकी. पण त्या पहाटे हजारो माणसे गाढ झोपेत घरांच्या दगडी भिंतींखाली सापडली, आणि त्यांची आठवण या मुलाच्या मनात आली ती विदूषकांच्या पाठीवर बसून! यात काही गैर झाले का?

गैर झाले असे चटकन म्हणवत नाही. त्या मुलाने कोणाचा उपहास केलेला नाही. त्याला नोकरी हवी आहे, घरी आईबाप डोळे लावून बसले आहेत, आणि स्मरण हे एक हत्यार आहे. कुऱ्हाडीला झाडाची माया असावी असे कोणी म्हणत नाही. हे सर्व खरे; तरी मनाची हुरहूर जात नाही. कारण त्या मुलाने जे लक्षात ठेवले तो आकडा आहे. आकडा ज्याचा होता, ते लक्षात राहिलेच नाही. उलट दुसऱ्याच चित्राने त्याची जागा घेतली.

रशियात अलेक्झांडर लूरिया या मानसशास्त्रज्ञाने शेरेशेव्हस्की नावाच्या एका माणसाचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९६८ साली त्यावर पुस्तक लिहिले. या माणसाला आकडे माणसांसारखे दिसत. एक म्हणजे ताठ, बांधेसूद पुरुष. आठ म्हणजे एक लठ्ठ बाई. अंकांचे लांबच लांब तक्ते तो वर्षांनंतरही जसेच्या तसे म्हणे. पण वाचलेल्या मजकुराचा आशय धरणे त्याला कठीण जाई, कारण शब्दाशब्दाला नवे चित्र उठून त्याची वाट अडवी. माणसांचे चेहरे लक्षात ठेवणेही त्याला जड जाई. ते सारखे बदलतात अशी त्याची तक्रार होती. आकड्यांना चेहरे मिळाले होते आणि चेहरे मात्र हातून निसटत होते. त्याची गोष्ट ऐकून त्याचा हेवा वाटत नाही, कणव येते.

याच्या अगदी उलट माझ्या आजीचे. ती वाशिमजवळच्या एका खेड्यातली, अक्षरशत्रू. गोठ्यात ढोरे किती, असे विचारले की ती आकडा सांगतच नसे. म्हणायची, “किती ते कायले इचारतं? कोन कोन हाये ते सांगतो, तूच मोज.” मग कपिली, मोरी, चांदी, तिची पाडी, अशी नावे बोटांच्या पेरांवर उतरत. शेवटच्या पेरावर अंगठा थांबला की तो आकडा. तिच्यासाठी संख्या ही आधी नव्हतीच. ती नावांच्या मागून येई. आपण संख्येवरून चित्राकडे जातो, ती चित्रांवरून संख्येकडे येत होती. वाट एकच, पण देवळात शिरणे आणि देवळातून बाहेर पडणे यांत जेवढा फरक, तेवढा या दोहोंत आहे.

गंमत अशी की, पाश्चात्त्यांची स्मरणकला जन्मली म्हणतात ती आजीच्याच वाटेवर. ग्रीक कवी सिमोनिदीस याची कथा सिसेरोने सांगितली आहे. एका मेजवानीतून कोणी बोलावले म्हणून हा कवी बाहेर गेला, आणि मागे छत कोसळले. आतली माणसे अशी चिरडली गेली की, आप्तांनाही ओळख पटेना. तेव्हा सिमोनिदीसने डोळ्यांपुढे पंगत आणली : येथे अमुक बसला होता, त्याच्या शेजारी तमुक. त्या आठवणीवरून ज्याचे प्रेत त्याच्या घरी गेले. पुढे वक्त्यांनी आणि पाठांतरवाल्यांनी या रीतीत भाषणे बसवली, आकडे बसवले. पण तिचे पहिले काम मेलेल्या माणसाला त्याचे नाव परत देण्याचे होते. किल्लारीच्या ढिगाऱ्यांपुढेही, कोणत्या घरात कोण कुठे निजत असे हे शेजाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. प्रत्येक आकड्यामागचे चेहरे आठवत बसलो तर जगणे अशक्य होईल. शिवाय चेहऱ्याची माया नेहमी न्यायी असते असेही नाही. वर्तमानपत्रातल्या एका मुलाच्या छायाचित्राने आपण गलबलतो, आणि ज्यांचे छायाचित्र कोणी काढले नाही अशा हजारांना विसरतो. आकडा असा पंक्तिप्रपंच करीत नाही. त्याच्यापुढे सावकाराचा मुलगा एक आणि सालदाराचा मुलगाही एकच. कोणत्या तालुक्याला किती धान्य, किती औषध पाठवायचे हे रडणाऱ्या डोळ्यांनी ठरत नाही; त्याला कोरडा हिशेबच लागतो. म्हणून आकड्याला निर्दय म्हणून झिडकारणारे लोक मला पटत नाहीत. गरिबाचा तो फार जुना साक्षीदार आहे.

मग करायचे काय? मला वाटते, उत्तर भूतसंख्येतच आहे. तेथे चित्र आकड्यावर बाहेरून चिकटवलेले नाही. डोळे खरोखरच दोन आहेत आणि ऋतू सहा आहेत. वस्तूतच तिची संख्या आहे. आपणही मोठा आकडा ऐकला की त्याच्याच घरातले एक खरे चित्र त्याच्यापाशी ठेवावे, आणि मग ते किती वेळा मांडायचे हे आकड्यालाच विचारावे. किल्लारीच्या मृतांचे आकडे सुमारे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगितले जातात. दोन हजारांचा हा फरक कागदावर अर्ध्या ओळीत मावतो. पण एक अंथरूण डोळ्यांपुढे आणा, शेजारी उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या आणा, आणि मग तो दोन हजार वेळा मांडा. चित्र नसते तर आकडा मुका राहिला असता. आकडा नसता तर चित्र एकाच घरापाशी थांबले असते.

पिन कोडाला राजपुत्र खुशाल चालावा. त्याच्यामागे कोणाचे दुःख उभे नाही. घरोघरी मुलांना ही गंमत जरूर शिकवावी. फक्त त्यांनी पाठ केलेली संख्या म्हणून दाखवली की, “शाबास” म्हटल्यावर आणखी एक विचारावे : आणि हे काय मोजले होते रे बाळा?