पुन्हा गायिलेले गाणे
अमेरिकन गायिका टेलर स्विफ्ट हिने २००८ साली, अठराव्या वर्षी, 'फिअरलेस' हा गीतसंग्रह प्रसिद्ध केला. गीतरचना बव्हंशी तिची. मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी मात्र कंपनीची. २०१९ मध्ये ती दुसऱ्यांच्या हाती गेली, तेव्हा तिने तीच गीते नव्याने गाऊन २०२१ मध्ये नवी ध्वनिमुद्रिका काढली. पुढे २०२५ मध्ये मूळ मुद्रणेही तिने विकत घेतली. मग मधला खटाटोप व्यर्थ म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. विकत मिळतो तो हक्क. आपलेच जुने शब्द प्रौढपणी पुन्हा उच्चारण्याची तयारी, हे खरे स्वामित्व. आम्हां सरकारी नोकरांच्या फायलींवरील शेरेही कायद्याने सरकारचेच. तथापि त्यांतील काहींखाली आम्ही आज पुन्हा सही करणार नाही, हे कबूल केले पाहिजे.