750 पैकी 282

1907 साली भीमराव आंबेडकर मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक पास झाले. गुण मिळाले 750 पैकी 282. सगळ्या मुलांना एकच पेपर असावा की नसावा, या वादातलं दोन्हीकडचं म्हणणं मला या आकड्यात सापडतं. वर्गात वेगळं बसवलेल्या मुलाला उत्तरपत्रिकेत वेगळं बसवणं कुणाला जमलं नाही. कॉलेजचं दार उघडलं ते त्या परीक्षेमुळेच. पण या मुलाची बुद्धी मात्र तिने चाळीस टक्क्यांच्याही खाली मोजली. 1925 साली हेच बाबासाहेब एका परिषदेसाठी आमच्या भागातल्या निपाणीला आले, तेव्हा लंडनची डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी त्यांच्या पदरात होती.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात राहून मी कितीतरी वर्षं यातली पहिलीच बाजू पाहत होतो. दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईची मुलगी दहावीला बसते तेव्हा तिच्या बाकावर येणारा पेपर वखारवाल्याच्या मुलाच्या पेपरासारखाच असतो. परीक्षा काढून टाकली तर तिच्या जागी काय येईल? ओळख, शिफारस, वशिला. यातलं त्या मुलीकडे काहीच नसतं. म्हणून दहावीची सार्वजनिक परीक्षा राहिलीच पाहिजे, असं मी आजही म्हणतो.

पण ‘सगळ्यांना एकच’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न आमच्या भागाला फार लवकर पडला. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला आणि शाळेच्या शेवटच्या परीक्षेत मुलांची एसएससी जाऊन एसएसएलसी आली. 1981 मध्ये कर्नाटकात वि. कृ. गोकाक यांच्या समितीने शिफारस केली, की माध्यमिक शाळेत प्रथम भाषा फक्त कन्नड असावी आणि तिला 150 गुण असावेत. मोठ्यांच्या लेखी हा अस्मितेचा वाद होता. मराठी घरातल्या मुलाच्या लेखी तो गुणपत्रिकेतल्या पहिल्या ओळीचा होता. 1986 च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरोधातल्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे. भाषेच्या गुणांचा प्रश्न इथे किती खोल गेला होता, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. कन्नड शिकण्याला माझा विरोध नाही. इथे राहणाऱ्याला ती यायलाच हवी. पण गणितातला प्रश्न सोडवण्याआधी त्यातला शब्द कळावा लागतो, आणि तो कुणाला घरात मिळतो, कुणाला मिळत नाही.

पुढे 2009 चा शिक्षणहक्क कायदा आला. आठवीपर्यंत बोर्डाची परीक्षा नको, असं त्यात म्हटलं होतं. मला आनंद झाला. मग वर्षागणिक ढकलपास होऊन आलेली, धड वाचता न येणारी मुलं हायस्कुलात दिसू लागली आणि तो आनंद ओसरला. सरकारलाही हे दिसत असणार. 2023 मध्ये पाचवी आणि आठवीला, तर 2024 मध्ये नववीलाही कर्नाटकाने बोर्डाच्या धर्तीवर परीक्षा घेतल्या. प्रकरण कोर्टात गेलं. कधी परवानगी, कधी स्थगिती, असं चालत 8 एप्रिल 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने निकालच रोखले. दहा वर्षांच्या मुलांनी पेपर लिहिले होते, आणि त्या पेपरांचं पुढे काय होणार हे घरात कुणालाही सांगता येत नव्हतं.

त्याच वर्षी दहावीच्या परीक्षाकेंद्रांवर कॅमेरे लागले. आदल्या वर्षी 83.89 टक्के असलेला निकाल वाढीव ग्रेस गुण देऊनही 73.40 वर आला. वर्षभरात मुलं एकाएकी मठ्ठ झाली नव्हती. शाळांनी काय शिकवलं नव्हतं, ते तेव्हा उघडं पडलं.

म्हणून माझं मत आता असं आहे. पाचवीला आणि आठवीला सगळ्या राज्याचा एकच पेपर जरूर घ्या, मराठी शाळांत तो नीट मराठीत द्या. मात्र त्यावरून कुठल्याही मुलाला पास-नापास करू नका. कुठल्या शाळेत भागाकार कच्चा आहे, कुठे वाचन अडतं, एवढं त्यातून काढा आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ती यादी त्या त्या शिक्षकाच्या हातात द्या.