खोटं बोलणारा काटा

लांडगा आला रे आला, ही गोष्ट शाळेत आपल्याला पोराला दोष द्यायला शिकवतात. पोरगं खोटं बोललं म्हणून शेवटी कुणी आलं नाही, गोष्ट संपली. मला त्यात दुसरंच खुपतं. मेंढरं कुणाची होती? गावाची. पोराची खोड मोडली, पण नुकसान झालं ते घरी बसून राहिलेल्यांचं. म्हणून चार वेळा खोटी बोंब मारणाऱ्याची पाचवी बोंब ऐकायची का नाही, हा प्रश्न बोंब मारणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा जास्त आहे.

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते एका जुन्या ट्रकच्या ऑईलच्या काट्यामुळं.

आमच्या भावकीतल्या एका काकांकडं टाटा १२१० होती. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार केला आणि जमशेदपुरात ट्रक काढायला लागले. १९६९ ला करार संपला, गाडीच्या नाकावरचा तारा गेला अन् तिथं टी आला. गाडीची हाडं तीच राहिली. काकांची गाडी त्या टीवाल्या पिढीतली. आमचं सोयाबीन त्याच गाडीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरच्या आडतीला जायचं, अन् मालासोबत बऱ्याचदा मीही केबिनमधी बसायचो.

त्या गाडीचा ऑईल प्रेशरचा काटा चालता चालता एकदम शून्यावर पडायचा, लगेच उडी मारून वर जायचा, अन् मग पिसाळल्यासारखा नाचायचा. डायवर मामांनी त्याच्या काचेवर खंडोबाचं चित्र चिकटवलं होतं. म्हणायचे, "काटा खोटं बोलायलाय, दादा. दोन वर्षं झालं बगतोय. ह्याचं ऐकलं आसतं तर लोह्याच्या म्होरं गाडी कवाच गेली नसती." मामांचं खोटं नव्हतं. दोन वर्षं काटा शून्य दाखवत होता अन् इंजिन चालत होतं. आता खंडोबाला हे काम कामून लावलं, ते मला काही समजलं नाही.

ऑईलचं प्रेशर म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजायला अवघड नाही. इंजिनात क्रँक फिरते, तिला बेरिंगचं लोखंड लागत नाही. दोघांच्या मधी तेलाचा पातळ पडदा असतो. पंप तेल दाबून पाठवतो तोवर तो पडदा टिकतो. दाब गेला की पडदा फाटतो अन् धातूला धातू घासतो. बेरिंगचा ठोका कानाला ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणजे कान अन् नाक ह्यांच्या आधी बोलणारा तो एकटा काटाच.

नांदेडात एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मामांनी त्यांना सांगितलं, चाचा, काटा खोटा आहे, नवा टाका नाहीतर काढून फेका. चाचांनी चित्र न काढता वाकून बघितलं अन् म्हणाले, "काटा झूट बोलरा, वो तो मैं बी देखरा. मगर कब झूट बोलरा अन कब सच, वो तुमे देखे क्या?"

असं कुणी बघितलेलं नव्हतं. खोटा म्हटल्यावर बघायचं कशाला?

चाचांनी आधी दांडी काढून ऑईलची पातळी बघितली. दोन बोटांत ऑईल चोळून वास घेतला, डिझेल मिसळलंय का ते बघायला. पातळी बरोबर, वास नाही. इंजिनाच्या ब्लॉकवर एक पितळी गोटी आटे पाडून बसवलेली असते. तेलाचा दाब वाढला की तिच्या आतला पडदा ढकलला जातो अन् काट्याकडनं येणारा करंट कमी-जास्त होतो. तो करंट परत जातो गोटीच्या आट्यांतूनच, ब्लॉकमधी. चाचांनी गोटीची वायर काढून बॉडीला टेकवली. काटा सरळ एका टोकाला गेला अन् न थरथरता उभा राहिला. म्हणजे काटा धड, वायर धड. मग गोटी काढली, तर आट्यांवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी टेप गुंडाळलेली. कधीतरी कुणीतरी ऑईलची गळती थांबवायला लावलेली. गळती थांबली, पण अर्थ धड राहिला नाही. खड्ड्यात चाक गेलं की आटा ब्लॉकला टेकायचा, सुटायचा, अन् काटा नाचायचा.

मामा खूष झाले. चाचा झाले नाहीत. गोटीच्या जागी त्यांनी स्वतःचं साधं मीटर लावलं. त्याला वायर लागत नाही, तेलच आत जातं. आतमधी वाकवलेली पितळी नळी असते, दाबानं ती सरळ होऊ पाहते अन् काटा फिरवते. माळेगावच्या जत्रेत पोरं कागदाची गुंडाळी फुंकतात, तसं. बोर्दाँ नावाच्या फ्रान्सच्या माणसानं १८४९ साली ह्याचं पेटंट घेतलेलं. हे मीटर लावून चाचांनी गाडी लोह्यापर्यंत पळवून आणायला लावली. गाडी परत आली ती तापून. इंजिन मंद चालत उभं, अन् मीटर हळूहळू खाली बसायला लागलं. उडी नाही, नाच नाही. दिवा मिणमिणावा तसं.

चेंबर खोललं. बेरिंगच्या शेलचा पांढरा लेप जाऊन खालचं तांबं दिसायलं होतं.

म्हणजे काटा दोन वर्षं खोटं बोलत होता अन् त्यातच खरंही सांगत होता. नाचायचा तेव्हा खोटा, तापलेल्या गाडीत सावकाश बसायचा तेव्हा खरा. खोट्यालाही एक चाल असते, ती ओळखली तर त्याच तोंडातलं खरं निवडता येतं. मामांनी मात्र एकदाच निकाल देऊन टाकला होता. त्यांना मी पूर्ण दोष देत नाही. भाडं वेळेवर पोचवायचं असतं, अन् प्रत्येक उडीला गाडी थांबवणाऱ्याला कुणी कामावर ठेवत नाही. पण चाचांकडं जायचा रस्ता त्यांना दोन वर्षं उघडा होता.

प्रत्येकाला तो असतो असं नाही. १९९२ च्या पावसाळ्यानंतर किल्लारीच्या आसपास जमीन हलायची. लोक घराबाहेर झोपायला लागले. मग हळूहळू आत गेले. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बुडवून आलेल्या रात्री, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला अन् दगडामातीच्या जाड भिंती अन् माळवदं हजारो माणसांवर पडली. पुढं शहरातली शिकलेली माणसं मला म्हणायची, वर्षभर आधी इशारा मिळाला होता की तुमच्या लोकांना. मला ह्याचा राग येतो. इंजिनाला दुसरं मीटर लावून बघता येतं. जमिनीला गावातल्या माणसानं कुठलं लावावं? माळवद धक्का सोसणार का नाही, एवढं तरी तपासता आलं असतं. पण ते कळणारी माणसं अन् ते करायला लागणारा पैसा, दोन्ही गावाबाहेर होतं.

नव्या गावठाणात राहायला गेलेल्या एका आजोबांना मी एकदा भीतभीतच विचारलं, की बाहेर झोपायचं सोडलं कवा? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "थंडी पडली. लेकरं खोकायली. इच्चू-काट्याचं भ्याव. किती राती बाहीर झोपायचं, त्ये सांगणारं कुनी नव्हतं. तू आसतास तर किती राती झोपला आसतास?"