मुलाच्या हाती पहिली बंदूक

सन 2024 मध्ये पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. आपल्या मुलांनीही ही विद्या शिकावी, असे आईबापांस वाटणे साहजिक आहे. परंतु ज्या वस्तूने जीव घेता येतो, ती लेकराच्या हाती द्यावी काय? आम्हांस वाटते, याचे उत्तर पहिल्या बंदुकीच्या निवडीतच आहे. ती हवेच्या दाबाने 4.5 मिलिमीटरचा छर्रा सोडणारी, मुलास पेलेल अशी हलकी, व एका वेळी एकच छर्रा भरावयाची असावी. तिने प्रत्येक बारापूर्वी थांबावे लागते. आणि थांबणे हाच पहिला धडा होय. तथापि हवेची बंदूकही डोळा फोडू शकते. म्हणून ती सदैव भरलेलीच मानावी, व तिची नळी कोणाही जिवाकडे वळवू नये. एवढे ज्यास पाळवत नाही, त्याचा नेम कितीही अचूक असो, तो अद्याप बंदुकीस योग्य झाला नाही.