दोरी कोणाच्या हातात

आमची टाटा ४०७ १९९८ची, एमएच-२२ पासिंग. तीन लिटरचं, चार सिलिंडरचं इंजिन, टर्बो नसलेलं. गंगाखेडहून राणीसावरगावकडे निघालं की बालाघाटाचे चढ सुरू होतात. तिथं सोयाबीनची पोती भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अशी कण्हायची की मागचा एसटीवाला हॉर्न वाजवायचाही कंटाळा करायचा. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. परभणीच्या चाचांच्या गॅरेजात भंगारातल्या एका स्कॉर्पिओचा टर्बो पडलेला होता. तो बसवू, असं ठरलं.

मी नांदेडच्या विद्यापीठाची तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेला माणूस. नोकरी लागली नाही, गाडी लागली. चाचा मला त्यावरून 'मास्टर' म्हणतात. त्यांच्या बोलण्यात त्या शब्दाचा अर्थ 'पुस्तक वाचतो पण पान्हा उलटा धरतो' असा आहे.

टर्बो म्हणजे सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानं इंजिनात जादा हवा कोंबायची. आल्फ्रेड ब्युकी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली याचं पेटंट घेतलं. साध्या टर्बोची अडचण अशी की इंजिन हळू फिरत असताना धूर कमी असतो, चाक फिरत नाही, आणि नेमका तेव्हाच चढ असतो. भंगारातला आमचा टर्बो त्यातला नव्हता. त्याच्या चाकाभोवती छोट्या पात्यांचं कडं आहे आणि ही पाती वळतात. धूर थोडा असेल तर ती मिटतात, वाट अरुंद होते. झाडाला पाणी घालताना पाइपाच्या तोंडाला अंगठा लावला की धार लांब जाते, तसा तो थोडासा धूरही चाकावर जोरात आदळतो. धूर वाढला की पाती उघडतात. काजळी साचली तर मात्र जिथं अडकली तिथंच बसतात, म्हाताऱ्या माणसाच्या मतांसारखी.

स्कॉर्पिओत ही पाती कॉम्प्युटर हलवतो. आमच्या ४०७त कॉम्प्युटर कुठला? मी शक्कल लढवली. जुन्या जीपच्या चोकची वायर पात्यांच्या दांडीला बांधली आणि मूठ कॅबिनमध्ये आणली. चढ आला की ओढायची, सपाटी आली की सोडायची. मनाशी म्हटलं, माणसाला बुद्धी कशासाठी दिली आहे?

पहिल्याच चढाला वायर ओढली. गाडी अशी उचलली की शेजारी बसलेल्या हमालानं डॅशबोर्डला हात लावून नमस्कार केला. प्रेशरचा काटा वीस पौंडांच्या पुढे गेला. मी खूश. मग वायर सोडवेचना. वेग आला तरी मूठ ओढलेलीच. पाती मिटलेली आणि मागे धुराचा लोंढा. त्याला जायला वाट नाही, इंजिन स्वतःच्याच श्वासानं घुसमटू लागलं. मला वाटत होतं ताकद आहे. होती ती कोंडी. वर पोचेपर्यंत रेडिएटर उकळला.

चाचांनी बॉनेट उघडलं, वायर पाहिली आणि कापली. म्हणाले, "मास्टर, नळी गाडी के पेट से जोड. तेरे हाथ में नको." साध्या टर्बोवरचा हवेचा डबा त्यांनी उलटा बसवला. डब्यात पडदा आणि स्प्रिंग. हवेच्या पाइपातून एक बारीक नळी त्या डब्यात. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब वाढला की तोच दाब पडद्याला ढकलतो आणि पाती उघडतात. दाब उतरला की स्प्रिंग ती मिटते. काटा दहा पौंडांवर थांबायला लागला. किती ओढायचं आणि किती सोडायचं हे आता मी ठरवत नव्हतो.

त्याच महिन्यात एकादशीला दादा, माझे वडील, देवघरासमोर आडवे झाले. सत्त्याहत्तर वर्षांचे वारकरी. मधुमेह जुना, सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन. त्या दिवशी इंजेक्शन घेतलं आणि खाल्लं काहीच नाही. साखर उतरली. हिनं साखरेचं पाणी ओठांना लावलं तेव्हा कुठं डोळे उघडले. पहिलं वाक्य काय, तर "पाण्यात साखरच व्हती ना? धान्याचं काही दिलं न्हाई ना?"

डॉक्टरांनी सांगितलं, उपास सोडा. दादा म्हणाले, "डॉक्टरला काय कळू लालं? भूक माझी हाय." मी म्हणालो, शास्त्रातच सूट आहे. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस 'धर्मसिंधु' लिहिला. अशा निबंधग्रंथांत पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असं धरलेलं आहे. दादांनी शांतपणे ऐकलं आणि मलाच कोंडीत धरलं. एकादशीचं बंधन वयाच्या आठपासून ऐंशीपर्यंत, हेही तिथंच आहे. त्यांनी ते कीर्तनात ऐकलं होतं. "मंग मला अजून तीन वर्सं हायेत."

नियम कडक असावा की सैल, हा वाद फसवा आहे असं मला तेव्हापासून वाटतं. सगळ्या धर्मांनी सूट ठेवलेली आहे. चाचा रोजे धरतात. त्यांच्याकडे आजाऱ्याला आणि मुसाफिराला रमजानमध्ये सूट आहे, सुटलेले दिवस नंतर मोजून भरून द्यायचे. मी विचारलं, मग ट्रक ड्रायव्हर तर जन्माचा मुसाफिर, त्यानं कधी धरायचे? चाचा हसले नाहीत. म्हणाले, "वही तो. मैं मुसाफिर हूँ के नहीं, ये बोलेगा कौन?"

खरा प्रश्न हा आहे. सूट आहे. ती लागू झाली हे ठरवायचं कोणी? महाभारताच्या शांतिपर्वातल्या आपद्धर्मात, म्हणजे संकटकाळच्या धर्माच्या भागात, बारा वर्षांच्या अवर्षणात विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याची तंगडी उचलतो. चांडाळ त्याला धर्म समजावतो, ऋषी त्याच्याशी वाद घालतो, आणि वादात ऋषी हटत नाही. मला त्या गोष्टीत नेहमी चांडाळाचंच पटतं. भुकेला माणूस वादात कधी हरत नसतो, म्हणून त्याचा युक्तिवाद खरा धरता येत नाही.

छांदोग्य उपनिषदातला उषस्ति चाक्रायण मला जास्त जवळचा. गारांनी कुरुदेशातलं पीक झोपलं. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात ज्यांनी गव्हावर, हरभऱ्यावर गारा पाहिल्या त्यांना हे वेगळं सांगायला नको. उषस्ति एका हत्तीवाल्याला अन्न मागतो. त्याच्याकडे तो स्वतः खात असलेले निकृष्ट उडीद तेवढे आहेत. उषस्ति ते उष्टे उडीद घेतो. हत्तीवाला पाणी देऊ करतो, तर म्हणतो ते उष्टं आहे, नको. मग उडीद उष्टे नव्हते का? उषस्ति सांगतो की उडीद खाल्ले नसते तर जगलो नसतो, पाणी मात्र हवं तिथं मिळतं. उरलेले उडीद त्यानं बायकोसाठी नेले. तिनं ते जपून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यज्ञाला निघताना त्यानं तेच शिळे खाल्ले, कारण त्याशिवाय तिथवर चालवलं नसतं. सूट उडदापुरती उघडली आणि पाण्याशी मिटली. दोन्हींमधलं अंतर हातभर.

ही गोष्ट दादांना सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, १९७२च्या दुष्काळात ते चोवीस वर्षांचे होते, रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची. एकादशीलाही तीच. "खाल्ली. खडी कोन फोडनार व्हतं?" पन्नास वर्षांत हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. पाप म्हणून लपवलं होतं का, विचारलं. म्हणाले, "पाप न्हाई. पन ती काय सांगायची गोष्ट हाय?"

आता माझं. टर्बो नीट चालायला लागल्यावर महिनाभरात मी पंपाचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. हवा जास्त आली आहे, तर थोडं डिझेलही जास्त जाऊ दे. गाडीत पासिंगपेक्षा अर्धा टन माल जास्त बसायला लागला. मोंढ्यात आडत्यानं पाठ थोपटली. मागे काळा धूर, पण मागे कोण बघतं? मग एके दिवशी हेड गॅसकेट गेलं. ते महिन्याभराची कमाई घेऊन गेलं. चाचांनी स्क्रू मूळ जागी आणला आणि त्याच्यावर लाल ऑइलपेंटची रेघ ओढली, स्क्रूपासून पंपाच्या अंगापर्यंत. फिरवला तर रेघ तुटलेली दिसेल.

कायद्याचं बोलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नं गाडीतल्या फेरफारावर बंधन घातलेलं आहे. २०१९च्या दुरुस्तीनं नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आणली. मी आपद्धर्म म्हणून टर्बो बसवला असं चार जणांना सांगतो. चढाला गाडी दम तोडायची हे खरंच. पण अर्धा टन मला कोणत्या दुष्काळानं भरायला लावला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. उडीद मी घेतले, आणि पाणीही प्यायलो.

चाचांच्या त्या डब्याबद्दल एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. पाती दाब हलवतो हे खरं, पण स्प्रिंगचा ताण चाचांनीच ठरवला होता, गॅरेजात, चहा पीत, चढ नसताना. चढावर बसून तो ताण मी ठरवला असता तर काय ठरवला असता हे वायरीनं दाखवलंच होतं.

दादांसाठी बोट टोचून साखर मोजायचं यंत्र आणलं. डॉक्टर, दादा आणि मी असे तिघं बसून आकडा ठरवला, द्वादशीच्या दिवशी, पोटं भरलेली असताना. शंभरच्या खाली आलं तर दूध घ्यायचं, मग वाद नाही. वर असेल तर दर दोन तासांनी पुन्हा मोजायचं. इंजेक्शनचा डोस एकादशीला किती, तो डॉक्टरांनी लिहून दिला. दादांची अट एकच. आकडा मी वाचायचा नाही. त्यांना दिसत नसलं तरी नातवानं वाचायचा, कारण मला लपवायची सवय आहे.

कार्तिकीला पहाटे काकडा झाला. नातवानं बोट टोचलं, यंत्र उजेडाला धरलं आणि मोठ्यानं म्हणाला, ब्याण्णव. दादांनी हात पुढे केला. पितळी पेल्यातलं दूध अर्ध्यापर्यंत प्यायले आणि पेला खाली ठेवला. हिनं तांब्या पुढे केला.

"ते ऱ्हाऊ दे," दादा म्हणाले. "त्याच्याबिगर आडलं न्हाई."