शेजाऱ्याचे बांधकाम आणि आपली हरकत



पाऊस सरला की आपल्या आळ्यांमध्ये रेती, खडी आणि विटांचे ढीग दिसू लागतात. कुणाच्या मुलाचे लग्न ठरलेले असते, कुणाला पत्रे काढून स्लॅब टाकायचा असतो. त्याच सुमारास हमखास एक प्रश्न येतो, ‘फादर, शेजारी अगदी आमच्या भिंतीला लागून खोली वाढवतोय. नियमात बसत नाही. तक्रार केली तर पाप लागेल का?’

नाही लागणार, एवढे उत्तर देऊन विषय मिटवता येईल. पण विचारणाऱ्याचे समाधान त्याने होत नाही, कारण त्याचे मन दुसरेच काहीतरी विचारत असते.

बांधकामाचे नियम म्हणजे कार्यालयात बसलेल्या साहेबांनी लावलेला जाच, असे आपल्याला वाटते. परंतु जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकातही असा एक नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून मेल्यास त्याचा दोष त्या घरावर येणार नाही. घर माझे, गच्ची माझी, पण पडणारा दुसराच कोणी असू शकतो. आज राज्यातील बहुतेक शहरांना डिसेंबर 2020 पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यातील ‘सामासिक अंतर’, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा, याच विचारातून आलेले आहे. त्या जागेतून उजेड आणि वारा येतो, पावसाचे पाणी वाहून जाते, आग लागल्यास माणूस आत शिरू शकतो. जुन्या दाट वस्तीसाठी हे अंतर कमी ठेवले आहे, आणि आपण तेवढेही सोडत नाही! 2018 च्या जुलैमध्ये वसईत दिवसेंदिवस पाणी साचले होते. त्याची कारणे अनेक होती, पण पाण्याला जायला जागा उरली नाही की काय होते, हे तेव्हा सर्वांनी पाहिले.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते कायदा हा सर्वांच्या हितासाठी विवेकाने घातलेला नियम होय. तेव्हा दोन घरांमधली ती बोळ त्या दोन घरमालकांपुरती नसते. मागच्या घरातल्या भाडेकरूचाही तिच्यात वाटा असतो.

मात्र प्रत्येक हरकत उजेडासाठी नसते. दुसऱ्याचे भले झाल्याचे दुःख, अशी मत्सराची व्याख्या अक्वायनस करतात. काल आपल्याएवढाच असलेला शेजारी आज एक मजला वर चढतो, आणि आपल्याला अचानक नियमांची आठवण होते. कायदासुद्धा हा भेद ओळखतो. आपल्याकडे घर वाढवताना शेजाऱ्याचे मत सहसा विचारले जात नाही. इंग्लंडमध्ये मात्र अशा अर्जाची माहिती शेजाऱ्यांना दिली जाते आणि हरकतीसाठी साधारण 21 दिवस मिळतात. उजेड अडतो, खिडकीतून थेट घरात दिसते, या हरकती तेथे विचारात घेतात. ‘माझ्या खिडकीतले दृश्य जाईल’ किंवा ‘माझ्या घराची किंमत उतरेल’ या घेत नाहीत. आपल्या 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार 20 वर्षे निर्वेधपणे मिळत आलेल्या उजेड-वाऱ्यावर घराचा हक्क निर्माण होतो, पण भरपाई मागायची तर नुकसान भरीव असावे लागते.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी स्वतःला विचारावे, माझा सख्खा भाऊ याच जागी हेच बांधत असता, तर मी लिहिले असते का? आणि माझी मोरी कुठे आहे? (पुष्कळ आळ्यांत तक्रार करणारा आणि ज्याची तक्रार होते तो, दोघांचेही संडास सामासिक जागेतच असतात.) स्वतः नियम मोडलेल्याने बोलूच नये असे मी म्हणणार नाही, कारण त्यामुळे मागच्या घरातील लेकरांचा उजेड परत येत नाही. पण मोजपट्टी आपल्याही भिंतीला लागेल, याची तयारी हवी.

गप्प बसण्यालाही आपण फार पटकन शेजारधर्म म्हणतो. बांधणारा वजनदार असतो, सोसणारी मागे एकटी राहणारी विधवा असते, आणि मधले सगळे ‘कशाला वैर घ्या’ म्हणून दार लावून घेतात. हा कसला धर्म?

उलट, अंथरुणाला खिळलेल्या बापासाठी कोणी तळमजल्यावर संडास बांधला आणि तो दीड फूट पुढे आला, तर? कायदा करणारा सर्वसाधारण परिस्थिती पाहून कायदा करतो. त्याच्या शब्दाने अन्याय होत असेल, तर त्याचा हेतू पाहावा, असे अक्वायनस सांगतात. अशा वेळी शेजाऱ्याने हरकत घेतली नाही, तर ते औदार्य आहे. परंतु आपण आपल्याच वाट्याच्या उजेडावर पाणी सोडू शकतो, दुसऱ्याच्या नाही.

आता हरकत घ्यायची ठरलीच, तर ती केव्हा? जोत्याची आखणी चालू असताना. कर्ज काढून स्लॅब पडेपर्यंत खिडकीतून बघत राहायचे आणि मग अर्ज टाकायचा, यात न्यायापेक्षा सूडच अधिक असतो. मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू सांगतो की भावाची चूक आधी त्याला एकट्याला गाठून सांगावी, नाही ऐकले तर एक-दोघांना बरोबर न्यावे, आणि त्यानंतर मंडळीपुढे जावे. आपण नेमके उलटे करतो, थेट महापालिकेत, तेही निनावी पत्राने. आधी त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. जिना पलीकडून घेता येईल का, खिडकी उंच ठेवता येईल का, पन्हळाचे पाणी त्याच्याच बाजूला उतरवता येईल का, हे विचारा. नाहीच जमले तर गावातल्या दोन जाणत्या माणसांना घेऊन जा. त्यानेही भागले नाही, तर अर्ज जरूर करा. त्यावर आपले नाव आणि सही असू द्या, आणि कार्यालयात देण्याआधी त्याची एक प्रत शेजाऱ्याच्या हातात स्वतः नेऊन द्या.