सही कुणाची?

1961च्या नोव्हेंबरात फ्रान्को बझालिया इटलीतल्या गोरिझियाच्या मनोरुग्णालयात संचालक म्हणून रुजू झाले. कोणकोणत्या रुग्णांना बांधून ठेवलं, याची नोंदवही पहिल्याच दिवशी सहीसाठी त्यांच्यापुढे आली. त्यांनी सही केली नाही.

त्याआधी पादुआ विद्यापीठात असताना लोक त्यांना ‘तत्त्वज्ञ’ म्हणत. तत्त्वचिंतक हुसर्लच्या विचारातून त्यांनी एक पद्धत उचलली होती: आजार काही काळ कंसात ठेवायचा आणि समोरच्या माणसाकडे पाहायचं. आजार नसतोच, असा त्याचा अर्थ मुळीच नव्हता. पण हा गैरसमज आजही चिवट आहे. वर्षानुवर्षं कुलपाआड राहिलेला माणूस बोलेनासा होतो. त्या गप्प होण्यात आजाराचा वाटा किती आणि कुलपाचा किती, हे कंस घातल्याशिवाय कळणार कसं?

1971मध्ये ते त्रिएस्तेच्या मनोरुग्णालयात आले. तिथे सुमारे 1200 रुग्ण होते. ‘उपचार’ म्हणून फुकट राबणाऱ्या रुग्णांची सहकारी संस्था निघाली, कामाला पगार मिळू लागला. आधी बरं व्हा, मग जगायला लागा, हा क्रमच उलटला. भ्रम पुरते गेले नसतील, तरी घर, काम आणि खिशात स्वतःचे पैसे असू शकतात. फेब्रुवारी 1973मध्ये रुग्णांनी आणि कलावंतांनी मिळून बनवलेला निळा घोडा मिरवणुकीने शहरात निघाला. तो फाटकातून मावेना, म्हणून फाटक तोडावं लागलं.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात. डॉक्टरच्या बाजूने पाहिलं, तर ती मात्र त्याआधीच्या एका दिवसाशी अडते. 1968मध्ये गोरिझियाहून एका दिवसाच्या सुट्टीवर घरी गेलेल्या रुग्णाने पत्नीचा खून केला. बझालियांवर खटला भरला गेला. पुढे ते निर्दोष सुटले. पण एक जीव गेला होता, आणि तो कुठल्याही तत्त्वज्ञानाने परत येणार नव्हता.

म्हणून सरकारी रुग्णालयातला डॉक्टर ‘रुग्णाचं त्यालाच ठरवू द्या’ हे ऐकून बिचकतो, तेव्हा त्याला जुनाट म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. कुलूप लावल्याने रोज थोडं थोडं मरणाऱ्या माणसाबद्दल कोणी जाब विचारत नाही. कुलूप काढल्यावर जे घडेल त्याबद्दल मात्र विचारतात. दोन्ही हानीच. पण एकीचाच पंचनामा होतो.

मे 1978मध्ये इटलीने 180 क्रमांकाचा कायदा करून नवी मनोरुग्णालयं बांधायला बंदी घातली. सक्तीच्या उपचारासाठी डॉक्टरांच्या शिफारशीवर महापौराचा आदेश आणि न्यायाधीशाची मान्यता लागू लागली. एका सहीचा भार वाटला गेला. जिथे गावात मानसिक आरोग्याची केंद्रं उभी राहिली नाहीत, तिथे मात्र तो कुटुंबांवर पडला.

आपल्याकडे 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रौढ व्यक्तीला आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क दिला. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांत, सगळीकडे तो हक्क लागू आहे. तातडीच्या उपचारांवर मात्र या लिखिताचं बंधन नाही. आणि तातडी आहे की नाही, हे त्या घटकेला समोर असलेल्या डॉक्टरलाच ठरवावं लागतं.